हॉटेलाखाली गाडलेली गोष्ट



शहापूर-मुरबाडच्या या स्मृती व्याख्यानमालेत शेती, शिक्षण, आरोग्य, संतसाहित्य असे विषय शोभतात. मी संयोजकांना ‘भुताचा सिनेमा’ असा विषय कळवला आणि त्यांनी तो आनंदाने मान्य केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मात्र हा विषय का निवडला, हे आपल्याला सांगणं माझं काम आहे.

आज मी एका फसलेल्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे. १९८१ साली आलेला हा हिंदी चित्रपट तुलसी आणि श्याम रामसे या भावांनी दिग्दर्शित केला होता. नाव साधं, ‘हॉटेल’. नवीन निश्चल, राकेश रोशन, बिंदिया गोस्वामी यांच्या त्यात भूमिका होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींपैकी काहींनी तो व्हिडिओवर पाहिला असेल. बारसं, सत्यनारायण, गणपती असं काही निमित्त काढून भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, अंगणात ताडपत्री अंथरायची आणि रात्रभरात तीन पिक्चर बघायचे, असा तो काळ होता. त्या तिनांत एक भुताचा असायचाच. बायामाणसं घोंगडी लपेटून बसत, लहान मुलं आईच्या पदराआडून एका डोळ्याने बघत. म्हणजे भुताचा सिनेमा आपल्या भागाला परका नाही. थिएटर गावात आलं नाही, तरी तो आला.

फसलेल्या चित्रपटावर एवढा वेळ बोलायचं कारण एकच आहे. ‘हॉटेल’च्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची गोष्ट आहे. त्या चित्रपटाने ती हातात घेतली आणि वाटेत टाकून दिली. ती का टाकून दिली आणि ती कुणी उचलावी, हे मला आपल्यापुढे मांडायचं आहे.

आधी कथा. काही धनदांडग्यांची नजर एका कब्रस्तानाच्या जागेवर पडते. तिथे त्यांना मोठं हॉटेल बांधायचं आहे. भाबड्या पाद्र्याला फसवून ते जागा ताब्यात घेतात, मेलेल्यांना तिथून हुसकावतात आणि त्या मातीवर हॉटेल उभं राहतं. पाहुणे येतात, दिवे लागतात, गाणंबजावणं सुरू होतं. मग ज्यांची जागा होती ते परत येतात.

ही कथा ऐकताना आपल्याला काही जोडून घ्यावं लागत नाही. जागा कुणाची होती, कुणी घेतली, सही कशी मिळवली, आधी तिथे काय होतं, हे प्रश्न गेली पन्नास वर्षं आपल्या तालुक्यांतल्या प्रत्येक घरात विचारले गेले आहेत.

आणि ही कल्पना त्या काळात जगभरच्या सिनेमात एकाच वेळी घुमत होती. १९८० साली स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाचा ‘द शायनिंग’ आला. स्टीफन किंग यांच्या १९७७ च्या कादंबरीवर तो आधारलेला होता. हिवाळ्यात बंद राहणाऱ्या डोंगरावरच्या एका मोठ्या हॉटेलची राखण करायला एक माणूस बायको आणि मुलासह येतो, अशी ती गोष्ट. हॉटेल दाखवता दाखवता तिथला व्यवस्थापक सहज सांगून जातो की ही जागा म्हणे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची दफनभूमी होती. १९८२ साली टोबी हूपर यांचा ‘पोल्टरगाइस्ट’ आला. त्यात बिल्डरने कब्रस्तानावर वसाहत उभी केलेली असते. थडग्यांचे दगड हलवले आणि प्रेतं तिथेच ठेवली, हे त्या बिल्डरचं पाप शेवटी उघडं पडतं. या दोन चित्रपटांच्या बरोबर मधल्या वर्षी, १९८१ मध्ये, मुंबईतल्या रामसे बंधूंनी हीच कल्पना घेऊन ‘हॉटेल’ केला. ‘पोल्टरगाइस्ट’च्या एक वर्ष आधी. म्हणजे कल्पनेच्या बाबतीत ही माणसं कुणाच्या मागे नव्हती.

तरीही ते दोन चित्रपट आज जगभर अभ्यासले जातात आणि ‘हॉटेल’ रामसेंच्या चाहत्यांपलीकडे कुणाच्या लक्षात नाही. पैसा कमी होता, यंत्रसामग्री कमी होती, हे खरं आहे. पण मला ते मुख्य कारण वाटत नाही. मुख्य कारण हे की या चित्रपटाला आपला सूर सापडला नाही. मेलेल्यांच्या बाजूने बोलायचं की हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांची करमणूक दाखवायची, हे त्याचं ठरलं नाही. कब्रस्तान बळकावण्याचा मामला सुरुवातीला गंभीरपणे मांडला जातो. मग हॉटेल सुरू होतं आणि चित्रपट स्वतःच त्या हॉटेलचा पाहुणा होऊन जातो. प्रेमप्रकरणं, गाणी, विनोदी पात्रं यांत तो इतका रमतो की खालच्या मातीचा त्याला विसर पडतो. शेवटी प्रेतं उठतात तेव्हा ती आपला न्याय मागायला आली आहेत असं वाटत नाही. पिक्चर संपायची वेळ झाली म्हणून आल्यासारखी वाटतात.

असं का झालं असावं? हे समजण्यासाठी रामसे घराण्याचा इतिहास थोडा पाहायला हवा. तो मानाने सांगण्यासारखा आहे.

एफ. यू. रामसे यांचा कराचीत रेडिओचा धंदा होता. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर दुकान थाटून त्यांनी नव्याने सुरुवात केली. पुढे ते चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० साली त्यांनी पृथ्वीराज कपूर यांना घेऊन ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. तो पडला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज भयंकर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करायला जातात. त्या प्रसंगाला प्रेक्षक खुर्चीत ताठ बसतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. त्यांनी वडिलांना पटवलं की आपण पूर्ण भुताचाच चित्रपट करू. सगळं कुटुंब आणि कलाकारमंडळी महाबळेश्वरला गेली, सरकारी विश्रामगृहात राहिली आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. १९७२ साली तो लागला आणि चालला. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. कुणी लिहायचं, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन. घरचीच माणसं, घरचाच डबा. पुढे १९८४ चा ‘पुराना मंदिर’ आणि १९८८ चा ‘वीराना’ देशभर गाजले. मोठ्या निर्मात्यांनी ज्या गावांकडे पाठ फिरवली होती, तिथे या भावांचे चित्रपट पोचले. त्यांची थट्टा पुष्कळ झाली आहे. ती करण्याची माझी इच्छा नाही.

पण त्यांच्या यशाच्या जन्मकथेतच त्यांचं दुखणं दडलेलं होतं, असं मला वाटतं. पडलेल्या चित्रपटातला एक प्रसंग लोकांना आवडला, यातून ते प्रसंग रचायला शिकले. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत उत्तम प्रसंग भेटतात. दार करकरतं, धुकं सरकतं, हिरवा-लाल उजेड पडतो, हात मातीतून वर येतो. दोन प्रसंगांच्या मधली जागा मात्र ते बाजारात जे चालतं त्याने भरून काढत. वितरकाला गाणी हवीत, मारामारी हवी, विनोदी नट हवा. ‘पुराना मंदिर’मध्ये तर जगदीप यांचं ‘शोले’ची नक्कल करणारं अख्खं विनोदी उपकथानक आहे. तिथे प्रेक्षकाने ते खपवून घेतलं, कारण सामरी नावाचा राक्षस आणि त्याचा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा शाप हा कणा मजबूत होता. ‘हॉटेल’मध्ये कणा होऊ शकली असती ती जमिनीची गोष्ट. तीच मागे पडली, आणि मग उरलेला सगळा पसारा सुटासुटा झाला.

आता कुणी म्हणेल, भीती आणि हसू एकत्र येऊच नये का? हा जुना प्रश्न आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात चार मूळ रस सांगितले आहेत आणि त्यांतून दुसरे चार निघतात. शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत आणि बीभत्सातून भयानक. रामसेंचा सिनेमा यातली शेवटची जोडी नेमकी ओळखून होता. सडलेला चेहरा, लोंबणारं मांस, चिखल, म्हणजे आधी किळस आणि किळसेच्या पाठोपाठ भीती. पुढच्या शास्त्रकारांनी हास्य आणि भयानक हे एकमेकांचे विरोधी रस मानले. दोघांना एका ताटात वाढलं की दोन्ही बेचव होतात, असा त्यांचा अनुभव असावा.

पण शास्त्रापेक्षा जवळचा पुरावा आपल्या शिवारात आहे. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा, पलीकडे इगतपुरी, अकोले, या सगळ्या डोंगरपट्ट्यात बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, होतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सोंगाचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल. उन्हाळ्याची रात्र असते. सांबळ आणि पिपाणी लागलेली असते. टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग वाट काढत पुढे येतं आणि नाचत जातं. मुखवट्यातून माणसाला नीट दिसत नाही, म्हणून त्याला धरणारी माणसं पुढे-मागे असतात. राक्षसाचं सोंग पोरांच्या अंगावर धावून जातं, पोरं किंचाळत पळतात आणि लगेच हसत परत येतात. एखादं सोंग निव्वळ हसवायलाच येतं, बायका तोंडाला पदर लावून हसतात. आणि मग जगदंबा येते. महिषासुराशी तिचं युद्ध सुरू होतं. त्या वेळी हसणारं माणूस आपोआप गप्प होतं. पुढे बसलेली म्हातारी हात जोडते. कुणी कुणाला गप्प बस म्हणून सांगत नाही.

एकाच रात्री, एकाच वाटेवर, त्याच माणसांसमोर हसू आणि भय दोन्ही येतात. तरी बोहाड्याचा सूर कधी हरवत नाही. कारण तिथे सोंग घेणाऱ्यापासून टेंभा धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं की कशाला हसायचं आणि कशापुढे हसू थांबवायचं. हा भेद नटांना कुणी शिकवलेला नसतो. जे उभं आहे त्याबद्दल मनात श्रद्धा असते, तिच्यातून तो येतो. ‘हॉटेल’ करणाऱ्यांना आपल्या मेलेल्यांबद्दल तेवढा आदर वाटला असता, तर हीच गाणी, हाच विनोद ठेवूनही चित्रपट उभा राहिला असता.

मराठीत याचे दाखले आहेत. महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’ घ्या. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर असताना माणूस हसून लोळतो. पण तात्या विंचूच्या आत्म्याने झपाटलेला बाहुला, रामदास पाध्ये यांनी साकारलेला, थट्टेचा विषय होत नाही. त्याचा धोका खरा आहे. लक्ष्याचं घाबरणं आपल्याला हसवतं, बाहुला हसवत नाही. कोण हसवणार आणि कोण भिववणार, ही विभागणी चित्रपट शेवटपर्यंत पाळतो, म्हणून तीस वर्षांनंतरही तो मुलांना तोंडपाठ आहे.

२०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला. तो तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. डोंबिवलीत माणसं पाण्यामुळे झोंबी होतात, ही कल्पना ऐकायला थट्टेची. पण चित्रपटाने एक गोष्ट सोडली नाही. पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, टॉवरातली माणसं आणि वस्तीतली माणसं यांच्यात भिंत कुणी घातली. विनोद चालू असताना हा प्रश्न जागा राहतो.

राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ हिंदीत झाला, पण त्याची मुळं मराठी भयकथेत, नारायण धारपांच्या वाचनात आहेत. त्यातला एक प्रसंग मी मुद्दाम जवळून सांगतो. वाड्याखालच्या विवरात नायक विनायक दोरीने उतरतो. खाली पिठाचं रिंगण काढून त्यात उभा राहतो. पिठाची बाहुली पुढे टाकतो. तिथला कायमचा भुकेला शापित देव हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात विनायकाने त्याच्या लंगोटातल्या मोहरा झाडून घ्यायच्या आणि वर पळायचं. इथे भय हस्तरच्या दातांत कमी आहे. मरणाच्या तोंडी जाऊन माणूस मूठभर मोहराच उचलतो आणि पुन्हा पुन्हा उतरतो, याची जास्त भीती वाटते. चित्रपट लोभाबद्दल आहे आणि त्याची प्रत्येक वस्तू, दोरी, पीठ, लंगोट, लोभाबद्दलच बोलते. सूर सापडणं म्हणतात ते हे.

आणि ज्या ‘द शायनिंग’चा मी उल्लेख केला, त्याच्यातलाही एक प्रसंग सांगतो, कारण तो करायला पैसा लागत नाही, कान लागतो. लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या रिकाम्या बोळांतून फिरतो. कॅमेरा त्याच्या मागे जमिनीलगत सरकतो. चाकं लाकडी फरशीवर असली की मोठा घरघराट होतो, गालिच्यावर गेली की एकदम शांतता. पुन्हा घरघराट, पुन्हा शांतता. भूत नाही, किंकाळी नाही. केवळ या आलटून पालटून येणाऱ्या आवाजाने अंगावर काटा येतो, कारण रिकाम्या जागेचं आकारमान आपल्याला कानाने कळतं. मूळ कादंबरीकार स्टीफन किंग या चित्रपटावर नाराज होते, त्यांना तो फार थंड वाटला. पण कुब्रिक यांचा सूर ठाम होता. त्यांच्याशी वाद घालता येतो. ज्याचा सूरच ठरलेला नाही, त्याच्याशी वादसुद्धा घालता येत नाही.

मित्रहो, आता मी आपल्या जमिनीकडे येतो.

त्याआधी एक प्रश्न. भुताची जागा म्हणून सिनेमाला हॉटेल का आवडतं? गावात प्रत्येक झाडाची, विहिरीची, वाटेची माहिती असलेलं कुणी ना कुणी असतं. या चिंचेवर मुंजा का, त्या ओहोळात कोण बुडालं, वाघोबाचा दगड तिथे का मांडला, हे आजी सांगते. हॉटेलात असं कुणी नसतं. आलेला माणूस दोन रात्री राहतो आणि जातो. मालक शहरात असतो. आधी इथे काय होतं, हे विचारणारं कुणी नाही आणि सांगणारंही नाही. जिथे जिवंत माणसं आठवण ठेवत नाहीत, तिथे ती ठेवायला मेलेल्यांना यावं लागतं. हॉटेलातल्या भुताचा अर्थ मला असा लागतो.

आपल्या दोन तालुक्यांत अशी, आठवण पुसली जाणारी जागा किती आहे, ते पाहा. १८९२ साली तानसाचं धरण झालं. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. पुढे भातसा झालं. मुंबईचा घसा या पाण्याने ओला होतो आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. भातसाचे विस्थापित आजही आपल्या मागण्या मांडत आहेत. मुरबाडमध्ये काळू धरणाविरुद्ध आदिवासी आणि शेतकरी उभे राहिले आणि २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने काम थांबलं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आपल्याच शहापूर तालुक्यातून जातो. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या वाटेपर्यंत फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत.

यातलं काय बरं आणि काय वाईट, हा आजचा विषय नाही. रस्ता हवा, रोजगार हवा, दवाखान्यात लवकर पोचायला हवं. पण जमीन जाते तेव्हा पंचनाम्यात घर येतं, आंबा येतो, विहीर येते, गोठा येतो. मसणवट बहुधा कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. कातकऱ्यांनी, ठाकरांनी आपली माणसं जिथे पुरली, ती माती मोजणीच्या नकाशावर नुसती पडीक म्हणून दिसते. तिचा मोबदला कुणाला देणार? जी गोष्ट कागदावर येत नाही ती गोष्टीत यावी लागते. गोष्टीतही आली नाही, तर ती कायमची गेली. ‘हॉटेल’ने जे निसटू दिलं ते हेच होतं, आणि म्हणून त्या चित्रपटाबद्दल मला राग कमी आणि हळहळ जास्त वाटते.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. भुताच्या गोष्टींची तरफदारी करतोय म्हणजे हा माणूस अंधश्रद्धेचा प्रचार करतोय, असं कुणाला वाटू नये. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. आपल्या भागात त्या कायद्याची गरज किती आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. पाड्यात पोर आजारी पडतं, भगताकडे जातात, आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. ही भुताळी. ती बहुधा विधवा असते, म्हातारी असते, तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. ती भुताची गोष्ट नाही, तो गुन्हा आहे, आणि तो पोलिसांत नोंदवला गेला पाहिजे.

म्हणून भयकथेला मी एक कसोटी लावतो. तिच्यातलं भूत कुणाकडे बोट दाखवतं? दुबळ्याकडे दाखवत असेल, तर ती गोष्ट कितीही कुशलतेने रचलेली असो, मला नको. बळवंताकडे दाखवत असेल, तर ती गोष्ट समाजाच्या कामाची आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आठवा, पूजा सावंत यांचा. गर्भार बाई उसाच्या फडात अडकते आणि त्या फडात भेटणारी भुतं स्त्रीभ्रूणहत्येचा हिशोब मागतात. ज्या बाईला एरवी गाव भुताळी म्हणेल, तिच्याच बाजूने तो चित्रपट उभा राहतो. पुढे २०२१ मध्ये त्याच दिग्दर्शकाने तो ‘छोरी’ नावाने हिंदीत केला. उसाचा फड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो इतका भयाण असू शकतो, हे त्या चित्रपटाने दाखवलं, आणि तेही एका खऱ्या पापाच्या आधाराने.

‘हॉटेल’चं भूत योग्य दिशेला बोट दाखवत होतं. जागा बळकावणाऱ्यांकडे. या कसोटीवर तो चित्रपट उत्तीर्ण आहे, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. दिशा बरोबर, विषय मोठा, आणि तरी हात थरथरला. वाईट चित्रपटापेक्षा असा चित्रपट जास्त चटका लावतो.

इथे तरुण मंडळी बरीच दिसत आहेत. आपल्यातले कित्येक जण मोबाईलवर लघुपट करतात, हे मला माहीत आहे. भुताचे व्हिडिओ तर सर्रास होतात. पांढरी साडी, मोकळे केस, अचानक मोठा आवाज. त्याऐवजी एक करून बघा. आपल्या जवळपासच्या रिसॉर्टवर पाड्यातली माणसं कामाला जातात. चादरी बदलणारी बाई, रात्रीचा वॉचमन, भांडी घासणारा पोरगा. आजवरच्या भुताच्या सिनेमात ही माणसं एक तर हसवायला असतात किंवा पहिली मरायला. गोष्ट नेहमी पाहुण्यांची असते. ती उलटी करा. जिच्या आज्याला त्याच मातीत पुरलं, ती बाई आज त्याच जागेवर खोली क्रमांक सात झाडते आहे, असं समजा. तिला काय ऐकू येईल? ती घाबरेल की ओळख पटून थांबेल? ती मॅनेजरला सांगेल का? सांगितलं तर तिची नोकरी राहील का? बघा, एकही भूत अजून आलेलं नाही आणि भीती आली.

हे करताना घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. कुठल्या माळाला काय म्हणत, कुठल्या वाटेने तिरडी जायची, पाण्याखाली गेलेल्या गावात गावदेवी कुठे होती. आज हे सांगणारी पिढी थोडी उरली आहे. विचारलेलं ध्वनिमुद्रित करा, वहीत लिहा. चित्रपट झाला नाही तरी ती वही राहील. आपल्या पात्रांना आपली बोली बोलू द्या. कातकरी, ठाकरी, वारली बोलीतला संवाद विनोदासाठी वापरू नका. भगत दाखवायचा असेल तर विदूषक करू नका आणि देवही करू नका. रात्रीचे आवाज खरे घ्या. रातकिडे, टिटवी, पंपाची घरघर, लांबून जाणाऱ्या ट्रकचा आवाज. आणि विनोद हवा असेल तर जरूर ठेवा, बोहाड्यासारखा ठेवा. कुठे थांबायचं ते आधी ठरवा.

रामसे बंधूंजवळ पैसा नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या. सात भाऊ होते आणि एक कॅमेरा होता. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम रामसे २०१९ साली. त्यांनी अर्धवट सोडलेली गोष्ट पुरी करायला आज त्यांच्याहून बरी साधनं आपल्या खिशात आहेत, आणि जी जमीन त्यांना पडद्यावर उभी करावी लागली, ती आपल्या पायाखाली आहे.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेतला एक दिवस व्याख्यानाला देऊ नका, पडद्याला द्या. शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनी केलेले लघुपट त्या रात्री इथे दाखवा. त्यात एक तरी भुताचा असावा, आणि तो या मातीत पुरलेल्या माणसांच्या बाजूने बोलणारा असावा. तेवढं झालं, तर मी प्रेक्षक म्हणून पुढच्या ओळीत येऊन बसेन.